वाचून सही करा

केशवापूर, हुबळी
१७ जून, मंगळवार

रूपा,

आशीर्वाद घे नाहीतर ठेव, मी देऊन मोकळी.

फोन करू नको म्हणालीस म्हणून हे पत्र. तुझ्या त्या नवऱ्याचा, योगेशचा दोस्त मोबाइलच्या दुकानात बसतो, नंबरावरून माणूस सापडतो, असं तू म्हणालीस. नंबराचं मला कळत नाही. भीतीचं कळतं. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. दुसरी शिकलेल्या बाईला लिहायला बसवलंयस, तिकडं मिरजेत बसून माझ्या अक्षराला हसू नको.

तुझी प्रीती बरी आहे. खाते, झोपते. तू सांगितलंस तशी घरातच असते. जुनं घर योगेशला माहीत, म्हणून तू गेल्यावर आठवड्यात खोली बदलली. शाळेत घातली नाही. शाळा दाखला मागणार, दाखल्यावर बापाचं नाव, की बापाला पत्ता लागलाच. मी खानावळीत भाकऱ्या थापते तेव्हा राधाबाई तिला मागच्या खोलीत बसू देते. राधाबाई म्हणजे खानावळीची मालकीण. तोंडानं फटकळ आहे, म्हणून आमचं जमतं.

पोरगी अजून मोठ्यानं बोलत नाही. दार वाजलं की खाटेखाली जाते. पाच वर्षांच्या पोरीला खाटेखाली जायची एवढी सवय कुठं लागली ते मी विचारत नाही, तूही सांगू नको.

काल जोंधळ्याच्या पिठात बोटानं काहीतरी काढत होती. विचारलं, काय गं हे? तर म्हणते, "अ." कन्नडातला. कुठं शिकलीस? शेजारच्या टीव्हीवरून शिकली असेल. आजकालची पोरं कशावरूनही शिकतात.

एप्रिलात पोरीला उंबऱ्यावर ठेवलंस आणि पाणीसुद्धा न पिता गेलीस. दवाखान्यातल्या वॉर्डात उभं राहून पाय सुजतात का, एवढं तरी कळव. नाही कळवलंस तरी चालेल. दोन वर्षं बोलली नाहीस तरी मी मेले नाही.

लक्कव्वा
(तुझी आई. विसरली असशील तर.)


१ जुलै, मंगळवार

रूपा,

मागच्या पत्रात टीव्हीचं खोटं लिहिलं होतं.

झालं असं. राधाबाईच्या मागच्या खोलीत शेगडी असते. मे महिन्यात पोरीच्या मनगटाला चटका बसला. बारका होता, आता डागही नाही. पण शनिवारी खानावळीत गर्दी, माझी मान वर होत नाही, तिच्याकडं कोण बघणार? राधाबाई म्हणाली, "देशपांडे नगराच्या अंगाला लायब्ररी आहे, माझी नात जाते. शनिवारी अकरा ते साडेबारा लहान पोरांना गोष्टी सांगतात. फुकट." म्हणून नेलं. शिक्षणाबिक्षणासाठी नेलं असं समजू नको. फाटक आहे, फाटकावर सत्याप्पा म्हणून मिशीवाला राखणदार आहे, वर पंखा आहे. सोडायचं आणि परत आणायचं. सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतला, बाकी काही नाही.

पहिल्या दिवशी मी बसून बघितलं. अनिता मॅडम म्हणून एक आहे, पस्तिशीची, चष्मा. सतरंजीवर तीसएक पोरं. ती पुस्तक पोरांकडं तोंड करून धरते आणि ओळीखालनं बोट फिरवत वाचते. पान उलटायच्या आधी थांबते आणि विचारते, "मुंदेनु?" पुढं काय? सगळी पोरं ओरडतात. पुस्तक हिच्या हातात, आणि विचारते पोरांना! मी म्हटलं, ही बाई पगार कशाचा घेते?

पण तिसऱ्या शनिवारी आणायला गेले तर आपली प्रीती ओरडत होती. तोंड उघडून, सगळ्या पोरांच्या वर. "मुंदेनु!" मी जिन्यातच थांबले. दोन महिन्यांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

आठवड्याला एक पुस्तक घरी देतात. घरातल्या मोठ्या माणसानं वाचून दाखवायचं असा नियम. मीही दाखवते. ती खोडी काढते. "अज्जी, काल कोल्हा मेला होता, आज कसा पळाला?" मी म्हटलं, बरा झाला. तर म्हणते, "अज्जी, तुझं बोट हलत नाही." आगाऊ आहे. तुझ्यावर गेलीय.

घराबाहेर काढलं म्हणून रागावशील. राग. तुला तेवढंच येतं माझ्या बाबतीत.

लक्कव्वा


१७ जुलै, गुरुवार

रूपा,

हे पत्र मिळाल्यावर आधी खाली बस.

परवा सकाळी भाकऱ्या पसरायला रद्दीऐवजी त्या दिवसाचाच पेपर हाताला आला. गरम भाकरी टाकली, उचलली, तर खालनं आपली प्रीती माझ्याकडं बघतेय. तोंड उघडं, पहिल्या ओळीत, सतरंजीवर मांडी घालून. माझ्या हातातली भाकरी चुलीत पडली.

राधाबाईनं वाचून दाखवलं. लायब्ररीतल्या गोष्टींच्या वर्गाची बातमी. फोटोखाली पोरांची नावं. "प्रीती योगेश." पुढं लायब्ररीचं नाव, वार, वेळ.

मी तशीच पिठाच्या हातांनी लायब्ररीत गेले. अनिता मॅडमवर तोंड टाकलं. ती घाबरली, फाईल काढली. "अज्जी, फॉर्ममध्ये विचारलं होतं, फोटो छापला तर चालेल का. तुम्ही चालेल म्हणून खूण केलीय. मी म्हणाले होते, वाचून सही करा." खाली माझी सही. पोरीचं नाव तिनं तोंडी विचारलं होतं तेव्हा सवयीनं बापासकट सांगितलं, तेही मीच.

डोळ्याला नीट दिसलं नसेल. गर्दी होती.

गोकुळ रोडला योगेशच्या कारखान्यासमोर चहाची टपरी आहे. टपरीवर पेपर असतोच. मला दुसरं काही सुचत नाही. प्रत्येक मोटारसायकल त्याचीच वाटते. काल एक लाल गाडी गल्लीच्या तोंडाला उभी राहिली तेव्हा मी पोरीला पदराखाली घेतलं. ती गाडी दूधवाल्याच्या भावाची निघाली.

तू मला सांगितलं होतंस एकच गोष्ट करायची, तिला दिसू द्यायचं नाही. मी तिला साऱ्या धारवाड जिल्ह्याला दाखवली.

लक्कव्वा


२४ जुलै, गुरुवार

रूपा,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. "अव्वा, दोन वर्षांमागं माझ्यावर सही केलीस, आता माझ्या लेकीवर केलीस. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नये हे तूच मला शिकवलंस. म्हणजे दोन्ही वेळेला वाचूनच केलीस ना?"

त्याचं उत्तर मी आज देत नाही.

आज दुसरं सांगायचं आहे. गेल्या शनिवारी तिला लायब्ररीत नेली नाही. राधाबाईकडंही नेली नाही, तिथं शंभर गिऱ्हाईकं येतात-जातात, कोण कुणाचा माणूस काय माहीत. घरात ठेवली आणि बाहेरून कुलूप लावलं. दोन तासांत येते म्हटलं. पाण्याचा तांब्या, शेंगदाण्याचा लाडू आणि लायब्ररीचं पुस्तक ठेवलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

परत आले तर दाराला बाहेरून चिखलाच्या बुटाचा ठसा. कुलूप तसंच. आत पोरगी खाटेखाली, दोन्ही हात तोंडावर. हात काढायला गेले तर काढेना. तांब्या भरलेला. शेवटी तिनंच हात काढले, ओठ कोरडे, म्हणाली, "पप्पांनी हाक मारली. प्रीतूऽ म्हणून. मी नव्हते."

मी नव्हते, म्हणाली. घरात असून.

रूपा, मी आयुष्यात नवऱ्याला भ्याले नाही, सासऱ्याला भ्याले नाही. तुझा बाप महादेव गेला तेव्हा रडत बसले नाही, दुसऱ्या दिवशी पीठ मळलं. पण त्या खाटेपाशी गुडघे टेकून बसले तेव्हा भ्याले. कारण कुलूप मी लावलं होतं. त्यानं दार फोडलं असतं तर पोरीला पळायला मागचं दारसुद्धा नव्हतं.

पेपरातली लायब्ररी बघून, तिथनं विचारत विचारत घर काढलं असणार त्यानं. पोलिसांत जा म्हणशील. जाते, पण काय सांगू? बापानं लेकीला हाक मारली म्हणून?

आता ठरवलंय. एकटी ठेवायची नाही. या शनिवारी भाकऱ्यांना सुट्टी. तिला लायब्ररीत नेते आणि दाराशी बसते. तिथं फाटक आहे, सत्याप्पा आहे, तीस पोरांच्या आया आहेत. चोरून ठेवण्यापेक्षा माणसांत ठेवलेली बरी. तुला पटणार नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.

लक्कव्वा


२७ जुलै, रविवार

रूपा,

पोरगी माझ्याजवळ आहे. आधी हे वाच, मग पुढचं.

काल तो आला.

गोष्ट अर्धी झाली होती. मी दाराशी बाकावर. जिन्यावर बूट वाजले, आणि प्रीतीनं माझ्याआधी ओळखलं. सतरंजीवरनं घसरत अनिता मॅडमच्या टेबलाखाली गेली. पांढरा शर्ट, केस विंचरलेले, हातात चॉकलेटचा डबा. सत्याप्पाला बाप आहे म्हणून सांगितलं, त्यानं सोडलं. बाप तर आहेच.

माझ्या शेजारी बाकावर बसला. हळू बोलला, पोरांना त्रास नको म्हणून. "मामी, मी भांडायला आलो नाही. तुमचं वय झालं, तुम्ही किती दिवस धावणार? महिन्यातनं एकदा पोरीला बघायचं, एवढंच माझं म्हणणं. कागद करून आणलाय. सही करा, मी आत्ता जातो."

कागद काढला. दोन पानं, कन्नडात, टाइप केलेली. म्हणाला, थांबा, वाचूनच दाखवतो. आणि वाचलं. गोड होतं सगळं. आजीचा मान, आईचा हक्क, महिन्यातला एक रविवार. पेन माझ्या बोटांत दिलं.

मला फक्त ते "मी आत्ता जातो" ऐकू येत होतं. खरं सांगते, पेन मी पहिल्या पानाच्या तळाशी टेकवलं. 'ल' निम्मा काढला.

आणि मग मला त्याचे डोळे दिसले. दोन पानं भरून लिहिलेलं, आणि ह्याचं वाचून झालं चार वाक्यांत. डोळे एका जागी. बोट हललं नव्हतं.

तसं वाचणारं माणूस मी चांगलं ओळखते. गेली चाळीस वर्षं मी तसंच वाचत आलेय.

आता तुझ्या तीन ओळींचं उत्तर ऐक. मला कन्नड वाचता येत नाही. बोलता येतं, भांडता येतं, बाजारात घासाघीस करता येते. अक्षर एक ओळखत नाही. अळणावरजवळच्या आमच्या खेड्यात मराठी शाळा होती, दोन वर्षं गेले, तेवढंच. तुझं शाळेचं प्रगतिपुस्तक यायचं, मी लांब धरायचे, मान हलवायचे, "गणितात कमी आहे" म्हणायचे. गणितात तुला कमीच असायचं, चेहऱ्यावरून कळायचं. बसची पाटी रंगावरून ओळखायचे. घरात मराठीतच लिहायचं हा माझा कायदा, तुला वाटलं अव्वाला आपल्या भाषेचा केवढा अभिमान. अभिमान कसला. तू कन्नडात चिठ्ठी लिहिली असतीस तर उघडी पडले असते.

आणि तुझ्या सासरी पंच बसले होते, तू स्वयंपाकघरात रडत होतीस, तेव्हा माझ्यापुढं कागद ठेवला. पाच पुरुष माझ्याकडं बघत होते. वाचा अक्का, म्हणाले. मी वाचला. म्हणजे तुझ्या प्रगतिपुस्तकासारखा वाचला. पोलिसांत दिलेली तक्रार खोटी होती असं त्यात तू लिहून देतेयस, हे मला महिन्यानं कळलं. तोवर तुझा हात मोडला होता.

पण रूपा, हे मी सुटायला सांगत नाही. वाचता आलं असतं तरी तेव्हा मी सही केली नसती असं छातीला हात लावून सांगता येत नाही. लेक नांदायला परत गेली पाहिजे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दोनदा तुला मीच गाडीत बसवलं. ते न वाचता केलेलं नव्हतं.

तर काल. मी उठून उभी राहिले. बाकाला धरलं. आणि त्या भरल्या खोलीत, तीस पोरं आणि त्यांच्या आया, त्यात राधाबाईची सून, सगळ्यांसमोर कन्नडात मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, मला वाचता येत नाही. हा कागद मला वाचून दाखवा. मोठ्यानं."

योगेश म्हणाला, "मामी, मी वाचला की."

मी म्हटलं, "तू वाचलास. आता ज्यांना वाचता येतं त्या वाचू देत."

अनिता मॅडम बघतच राहिली. सात-आठ वेळा तिच्याकडनं पुस्तक घेऊन गेलेली म्हातारी ही. पण बाई हुशार. टेबलाखाली बघितलं, त्याच्याकडं बघितलं, कागद घेतला. तिच्या स्टुलावर बसली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. गोष्ट वाचते त्याच आवाजात. मुलीची आई मुलीला टाकून पळून गेली आहे. मी, मुलीची आजी, म्हातारपणामुळे तिला सांभाळू शकत नाही. मुलगी माझ्याकडे उपाशी असते. मी स्वखुशीने आज रोजी मुलीला तिच्या वडिलांच्या ताब्यात...

पान संपलं. बोट कडेला थांबलं. आणि पोरांना काय माहीत, कागद कसला आणि पुस्तक कसलं, सवयीनं सगळी एका सुरात ओरडली, "मुंदेनु?"

माझ्या अंगावर काटा आला. अजून येतोय लिहिताना.

पुढचं पान तिनं उलटलं. आजपासून आजीचा आणि आईचा मुलीवर कसलाही हक्क राहणार नाही. तेवढ्यात त्यानं झेप घेऊन पान ओढलं. टर्रकन फाटलं. दुसरं त्याच्या हातात गेलं, पहिलं मॅडमच्या मुठीत राहिलं. राधाबाईची सून आडवी झाली, मग आणखी दोघी. चॉकलेटचा डबा पायाखाली चेंगरला. सत्याप्पा धापा टाकत वर आला. योगेश जिन्यापर्यंत गेला आणि मागं वळून मला म्हणाला, "कितीदा वाचून घेशील, म्हातारे? घर मला माहीत झालंय."

म्हणून आम्ही घरी नाही. राधाबाईच्या माडीवर आहोत. पत्ता पाकिटावर लिहिला नाही.

संध्याकाळी मॅडमबरोबर पोलिसांत गेले. यावेळी सांगायला होतं. पान दाखवलं, त्यावर माझा अर्धा 'ल' आहे. लिहून घेतलं त्यांनी. मी म्हटलं, सही करते, आधी वाचून दाखवा. हवालदारानं कपाळाला आठ्या घातल्या, पण वाचलं. कोर्टात बायकांना वकील फुकट मिळतो म्हणे, मंगळवारी तिकडं. वकिलाला आई लागेल. आजी चालत नाही.

तेव्हा ये. माझ्यासाठी नको येऊ. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलू, कोर्टात गप्प बसायला जागा असते. मिरजेची गाडी सकाळी येते. मी स्टेशनावर येणार नाही, पोरीला घेऊन उघड्यावर उभं राहायची माझी छाती नाही. राधाबाईची सून येईल, हिरव्या काठाची साडी.

भीती गेलेली नाही. जिना वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडं बघतो. फरक एवढाच, काल रात्री जेवताना वाजला तेव्हा ती खाटेखाली गेली नाही. माझ्या मागं आली. मोठा फरक आहे असं मी म्हणत नाही.

लक्कव्वा


२८ जुलै, सोमवार, पोस्टात टाकायच्या आधी

कालचं पाकीट मी चिकटवत होते, तर प्रीतीनं कागद ओढून घेतला. जमिनीवर पालथी पडून खालच्या मोकळ्या जागेत काहीतरी लिहिलं. कन्नडात. जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत. कितीतरी वेळ लागला. चार शब्द असावेत, मोकळी जागा बघून म्हणते.

विचारलं, काय लिहिलंस गं? म्हणाली, "अज्जीला नाही. अव्वाला आहे." म्हणजे तुला.

राधाबाईकडनं वाचून घेता येईल. मॅडम दुपारी येणार आहे, तिच्याकडनंही येईल. आता कुणापुढं लाजायचं राहिलेलं नाही. पण नाही घेतलं.

मग तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं. मीही सही करायची म्हणे.

केली आहे. न वाचता. तू वाच.